आमच्या घरातली सिस्टर

२०२५ च्या फेब्रुवारीतली रविवारची सकाळ होती. विहारातली वंदना आटोपून आम्ही थोरल्या बंधूंच्या घरी गेलो, तेव्हा सारे घर एका मोबाईलभोवती बसले होते. मेलबर्नहून आमच्या पुतणीचा फोन आला होता. तिने छातीवर लावलेले ओळखपत्र काढून पडद्यासमोर धरले. वर तिचे नाव आणि खाली दोन शब्द होते. आमच्या आईला चष्म्यातूनही ते दिसेना. ती म्हणाली, "काय लिवलं हाय, वाच." आम्ही वाचले, "रजिस्टर्ड नर्स." आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अजून एकदा वाच."

आम्ही हे लिहीत आहोत ते केवळ घरचे कौतुक सांगावे म्हणून नव्हे. आमची ही पुतणी बी.कॉम. आहे. बारावीला तिला विज्ञान नव्हते, आणि नर्सिंगची एकही परीक्षा तिने भारतात दिलेली नव्हती. तरी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यास करून ती नोंदणीकृत परिचारिका झाली. हे कसे घडते, त्याला काय मोजावे लागते, हे आपल्या समाजातील मुलींना व पालकांना कळावे असे वाटते. शिवाय या गोष्टीवरून आमच्या घरात जे भांडण झाले, त्यात आमचीही चूक होती. ती कबूल केल्याशिवाय ही हकीगत पुरी होत नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाची दुसरी लाट आली. बंधू एस.टी.त मेकॅनिक आहेत. त्यांना दवाखान्यात भरती करावे लागले आणि अकरा दिवस ते ऑक्सिजनवर होते. आत कोणाला जाऊ देत नव्हते. पुतणी रोज गेटबाहेर उभी राहायची. रात्रपाळीच्या एका सिस्टरने तिचा नंबर लिहून घेतला आणि रोज रात्री दोन मिनिटे फोन करून ती सांगायची, आज बाबांना इतके तास पालथे झोपवले, आज ऑक्सिजन इतका वाढला. पालथे झोपवले म्हणजे फुप्फुसाच्या मागच्या भागात हवा नीट पोचते, हे पुतणीला त्या बाईनेच समजावून सांगितले. बंधू बरे होऊन घरी आले. पुतणी तेव्हा एका खाजगी कंपनीत हिशेब लिहिण्याचे काम करीत होती. ती पुन्हा कामावर गेली खरी, पण तिचे मन त्या वह्यांत राहिले नाही. पुढल्या वर्षी एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "मला नर्स व्हायचं आहे."

सर्वांत आधी विरोध केला तो आमच्या आईने.

आमची आई एका सरकारी दवाखान्यात आया होती. १९८१ ते २०१२ अशी एकतीस वर्षे तिने वर्ग चारची नोकरी केली. त्या पगारावर आम्ही भावंडे शिकलो, आमची बी.कॉम.ची फीसुद्धा त्यातूनच गेली. वॉर्डात नर्सला 'सिस्टर' म्हणत आणि आमच्या आईला 'ए बाई' म्हणत. झाडूवाल्या, आया, वॉर्डबॉय, यांत आपलेच लोक जास्त, हे कोणी सांगावे लागत नाही. आई घरी आली की आधी मोरीत जाऊन हात धूत असे, आणि कोपरापर्यंत साबण लावून पुन्हा धूत असे. ती नातीला म्हणाली, "लोकायचं गू-मूत काढता काढता माह्या बोटाच्या रेघा गेल्या. मी जे सोडून आली, थे तू पैसे भरून कराले चालली काय?"

आम्ही आईची बाजू घेतली. आम्ही कारकून असलो तरी वस्तीत थोडेफार सामाजिक काम करतो, जयंतीला दोन शब्द बोलतो. तेव्हा आम्ही भाषणातलेच बोललो. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे, मृतमांस खाणे सोडण्यास सांगितले, घाणीची कामे आपल्या कपाळी लिहिलेली नाहीत हे शिकविले, आणि आपल्या घरची पदवीधर मुलगी पुन्हा तिकडेच जाणार का, असे आम्ही तिला विचारले. आम्हाला वाटले, आता ती गप्प बसेल.

ती गप्प बसली नाही. ती म्हणाली, "काका, तुम्ही दर १० मार्चला स्टेजवर काय सांगता? १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी लेकरू पाठीवर घालून दवाखान्यात नेलं, आणि त्यातच त्या गेल्या. ती घाण नव्हती का? भंतेजींनी वर्षावासात सांगितलेली गोष्ट तुम्हीच मला घरी येऊन सांगितली होती."

ती गोष्ट विनयपिटकाच्या महावग्गातली. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो आपल्याच घाणीत पडून होता. तो कोणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागत आणि आनंद तेथे आले. आनंदाने पाणी आणले, तथागतांनी ते ओतले, दोघांनी मिळून त्याला धुऊन स्वच्छ केले आणि एकाने डोक्याकडून व एकाने पायाकडून धरून मंचकावर निजवले. मग तथागतांनी भिक्खूंना बजावले की ज्याला माझी सेवा करावीशी वाटते, त्याने आजाऱ्याची करावी. त्याच ठिकाणी रुग्णाची शुश्रूषा कोणी करावी याचे गुणही सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता आले पाहिजे. काय पथ्याचे आणि काय कुपथ्याचे हे कळले पाहिजे. त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा केली पाहिजे. मलमूत्राची, ओकारीची त्याला किळस येता कामा नये. आणि रुग्णाला धम्माच्या चार गोष्टी सांगून धीर देता आला पाहिजे. पुतणीने हे पाच गुण बोटांवर मोजून दाखवले आणि म्हणाली, "यातले पहिले दोन तर शिक्षणच झाले ना, काका?"

आम्ही त्या वेळी उत्तर दिले नाही. पण रात्री झोप आली नाही. महाडला बाबासाहेबांनी जे सोडायला लावले ते जातीने लादलेले काम होते. ते नाकारण्याचा अधिकार नव्हता, त्यात शिकण्यासारखे काही दिले जात नव्हते, आणि मोबदला म्हणून शिळी भाकर होती. आम्ही त्याची आणि परीक्षा देऊन स्वतः निवडलेल्या विद्येची एकच मोट बांधली होती. खरे बोलायचे तर आम्हाला भीती वाटत होती ती लोकांची. नातेवाईक म्हणतील, आजी आया होती, नातही तेच करते. आमचे भाषण एक आणि आमचे घर दुसरे, हे त्या रात्री ध्यानात आले.

मग आम्ही कारकून माणसाला जे येते ते केले. कागद गोळा केले.

आपल्याकडे बी.कॉम.ला एम.एस्सी. नर्सिंग करता येत नाही. त्यासाठी आधी नोंदणीकृत परिचारिका असावे लागते, बी.एस्सी. नर्सिंग किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. झालेले असावे लागते, आणि वर एक वर्षाचा अनुभव लागतो. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हवे. जी.एन.एम. हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम मात्र बारावीच्या कोणत्याही शाखेच्या मुलीला खुला आहे, त्याला पस्तीस वर्षांपर्यंतची वयोमर्यादा आहे.

परदेशात काही देशांनी पदवीधरांसाठी वेगळे दार ठेवले आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाने १९७४ मध्ये नर्सिंग न शिकलेल्या पदवीधरांसाठी असा अभ्यासक्रम सुरू केला. इंग्लंडमध्ये दोन वर्षांची एम.एस्सी. करून नोंदणी मिळते. ऑस्ट्रेलियात पूर्वी परिचारिका रुग्णालयातच काम करत शिकत. १९८४ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने हे शिक्षण महाविद्यालयांकडे नेण्याचे ठरवले, आणि पुढे ते सर्वस्वी विद्यापीठांचे झाले. तिथे तीन वर्षांच्या पदवीखेरीज दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांसाठी दोन वर्षांची 'ग्रॅज्युएट एंट्री' मास्टर्स आहे. सिडनी, मेलबर्न अशा जुन्या विद्यापीठांत ती चालत आली आहे. एक पदवी घेतलेल्या माणसाला अभ्यास कसा करावा हे ठाऊक असते, असे धरून तीन वर्षांचे काम दोन वर्षांत, सुट्ट्या कापून करून घेतात. काही विद्यापीठे त्याआधी शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय करून यायला सांगतात.

येथे एक फसगत होता होता टळली, ती सांगणे आमचे कर्तव्य आहे. शहरातल्या एका एजंटाने पुतणीला 'नर्सिंग'चा म्हणून एक स्वस्त कोर्स दाखवला. कागद नीट वाचले तेव्हा कळले, तो वृद्धांची देखभाल करणाऱ्या मदतनीसाचा प्रमाणपत्र कोर्स होता. त्यातून नर्स होता येत नाही. मग त्याने 'मास्टर ऑफ नर्सिंग' असे नाव असलेला दुसरा कोर्स काढला. तो आधीच नर्स असलेल्यांसाठी होता. नाव तेच, पण त्यातून नोंदणी मिळत नाही. तेव्हा पालकांनी कोर्सच्या नावावर जाऊ नये. ऑस्ट्रेलियाच्या नर्सिंग अँड मिडवायफरी बोर्डाने नोंदणीसाठी मान्य केलेल्या अभ्यासक्रमांची यादी सर्वांना पाहण्यास खुली असते. त्या यादीत आपला कोर्स आहे की नाही, एवढे आधी पाहावे.

पैशाचे सांगितले नाही तर लेख अर्धा राहील. फी आणि राहण्याचा खर्च मिळून दोन वर्षांचा आकडा पन्नास लाखांच्या वर गेला. बँकेने शैक्षणिक कर्ज दिले, पण बंधूंचे राहते घर गहाण ठेवून. आम्ही जामीनदार म्हणून सही केली. सही करताना आमचा हात थरथरला, कारण त्या घराची प्रत्येक वीट आईच्या पगारातली होती. कागदावर आईनेही सही करायची होती. ती नाराज होती, तरी तिने सही केली. म्हणाली, "पोरगी हट्टी हाय. माह्यावरच गेली."

पुतणी २०२३ च्या फेब्रुवारीत गेली. आता खर्च आणखी वाढला आहे. मे २०२४ पासून व्हिसासाठी एका वर्षाच्या राहण्याचे २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात आणि जुलै २०२५ पासून नुसत्या व्हिसाच्या अर्जाला २,००० डॉलर पडतात. सत्र चालू असताना विद्यार्थ्याला पंधरवड्यात ४८ तासच नोकरी करता येते. त्यातच किमान ८०० तास रुग्णालयांत प्रत्यक्ष काम शिकावे लागते आणि त्याचे वेतन मिळत नाही. ज्या आठवड्यांत रुग्णालयात पाळी असे, त्या आठवड्यांत पुतणी भात आणि वरण एवढ्यावर दिवस काढी. हे तिने आम्हाला फार उशिरा सांगितले.

पहिल्या सत्रात ती नापास झाली, आणि तेही हिशेबात. औषधाची मात्रा काढण्याची एक परीक्षा असते, तिच्या वर्गात त्यात शंभरपैकी शंभर गुण मिळवल्याशिवाय वॉर्डात औषध देऊ देत नसत. तिचे एका जागी दशांश चिन्ह सरकले. ती फोनवर रडली. बी.कॉम.ची मुलगी आणि हिशेबात नापास! आम्ही म्हणालो, आमच्याही वहीत आकडे चुकतात. ती म्हणाली, "काका, तुमची चूक संध्याकाळी लाल शाईने दुरुस्त होते. इथे दशांश सरकला की माणसाला दहापट औषध जातं." दुसऱ्या खेपेला ती पास झाली. पण ते वाक्य ऑफिसात खतावणी लिहिताना आम्हाला अजून आठवते.

त्यानंतर तिची पहिली पाळी लागली ती वृद्ध रुग्णांच्या वॉर्डात. एका आजोबांनी अंथरूण खराब केले होते आणि ते लाजेने तिच्याकडे पाहीनात. तिचे हात चालेनात. ती सामानाच्या खोलीत जाऊन रडली. त्या रात्री तिने आम्हाला नाही, आजीला फोन लावला. मेलबर्नचे घड्याळ आपल्यापुढे असते, तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. आई खाटेवर बसून बोलत होती आणि आम्ही दाराशी उभे राहून ऐकत होतो.

आई सांगत होती, "आधी त्याचं नाव घ्यायचं. हात लावायच्या आधी सांगायचं, आता मी तुमाले कुशीवर करते. उघडं नाही ठेवायचं, एक चादर वरून टाकायची. तोंडाकडे पाहून बोलायचं, घाणीकडे नाही. पाठ पुसली की टाच पाहाची, माकडहाड पाहाचं, लाल झालं असंल तर तिथं जखम होते." एकतीस वर्षे जे हातांनी केले होते ते ती आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी शिकवत होती. पुतणी तिकडून म्हणाली, "आजी, हे सगळं आमच्या पुस्तकात आहे." आई म्हणाली, "मग मले कोणी पुस्तक काहून नाही देल्लं?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते आणि नाही.

पुढे आजी-नातीचे असे फोन नेहमीचे झाले. एकदा नातीने आजीला विचारले, लघवीच्या बाटलीवर रेषा असतात, त्याचे तुम्ही काय करायचे? आई म्हणाली, काही नाही, सिस्टर पाहायची आणि आम्ही फेकायचो. नातीने समजावले की साठ किलोच्या माणसाची लघवी तासाला ३० मिलिलिटरपेक्षा कमी होऊ लागली, तर मूत्रपिंड संकटात असू शकते, डॉक्टरला लगेच सांगावे लागते. किती पाणी आत गेले आणि किती बाहेर आले, याचा तक्ता ठेवतात. आम्हाला तो जमाखर्चच वाटला. आई बराच वेळ विचार करून म्हणाली, "भांडं तेच होतं. मले फेकाले लावलं, तुले वाचाले शिकवलं."

आमच्या भाषणांत इतकी वर्षे जे आम्हाला नीट सांगता आले नाही, ते आई सहज बोलून गेली. पुतणी आजही रुग्णाचे अंग पुसते, भांडे देते, चादर बदलते. व्हिक्टोरिया राज्यात २०१५ चा कायदा आहे, त्याप्रमाणे मोठ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात दिवसपाळीला चार रुग्णांमागे एक नर्स द्यावी लागते. त्या चार माणसांचा श्वास, ताप, औषध आणि अंथरूण, सगळे तिच्याकडे. घाण तीच आहे. पण तिने चुकीचे औषध पाहून ते थांबवले तर डॉक्टरला ऐकावे लागते, कारण तिचे नाव नोंदवहीत आहे. आमच्या आईच्या हातांनी तितकेच जीव सांभाळले असतील, पण तिचे नाव फक्त हजेरीपटावर होते.

आता वाचक पालकांना दोन शब्द. प्रत्येकाने घर गहाण ठेवून परदेशी जावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आमचे कर्ज अजून फिटलेले नाही, पुतणी दरमहा हप्ता पाठवते आणि महिन्याची पाच तारीख जवळ आली की आमचा जीव वरखाली होतो. ज्यांना जायचे आहे त्यांनी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीची आणि केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीची जाहिरात त्या त्या वर्षीच्या अटींसह आधी वाचावी. आपला कोर्स त्यात बसतो की नाही हे लेखी विचारून घ्यावे. ज्यांना जाता येत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. जी.एन.एम., मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी, मग दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. आणि पुढे एम.एस्सी. अशी वाट आपल्याकडेही आहे. ती लांब आहे, पण पक्की आहे. आणि घरातली एखादी मुलगी असे काही बोलली, तर आम्ही बोललो तसे बोलू नका. आधी तिचे पुरते ऐकून घ्या.

२०२५ च्या १० मार्चला वस्तीत सावित्रीबाईंच्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम होता. या वेळी आम्ही भाषण केले नाही. आमच्याऐवजी आईला उभे केले. ती आधी नको नको म्हणाली. मग माईक हातात न घेताच बोलली. आजाऱ्याला कुशीवर कसे करावे, टाच का पाहावी, हात कसे धुवावेत, हे तिने बाया-बापड्यांना दहा मिनिटे सांगितले. समोर बसलेल्या एका मुलीने वही काढून लिहून घ्यायला सुरुवात केली. आईने ते पाहिले, आणि त्या मुलीचे लिहून होईपर्यंत ती थांबली.

जयभीम!